टेबलाखाली वाकून

आमच्या पहिल्या जेवणाच्या टेबलाला तडा गेला तो एप्रिलात, भर दुपारी, कोणी हातही लावलेला नसताना. मी आतल्या खोलीत जरा आडवी झाले होते. कडकन आवाज आला, वाटलं ओट्यावरचं काही पडलं. बाहेर येऊन बघते तर टेबलाच्या एका टोकापासून हातभर आत गेलेली भेग, पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी. टेबल सागवानी, ऐन पावसाळ्यात, गणपतीच्या तोंडावर हौसेनं घेतलेलं. दुकानात फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, लाकूड आहे ते. लाकूड म्हटलं की तडा जायचाच."

हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कळायला चार वर्षं गेली. त्या भेगेत पोळीचे तुकडे अडकत, मुंग्या येत, आणि पाहुणे आले की मी त्यावर टेबलमॅट सरकवत असे. शेवटी एका मार्च महिन्यात, ओळखीच्या ओळखीतून, धायरीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोचले.

शेड म्हणजे साधारण चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. एका भिंतीला उभ्या फळ्या, मधे रंधा मारायचं मशीन, एक करवतीचं टेबल, कोपऱ्यात देवीचा फोटो आणि त्यावर भुशाचा हलका थर. काम करणारी माणसं तीन. स्वतः मिस्त्री, साठी ओलांडलेले. नागौरकडचा एक कारागीर, कारण पुण्या-मुंबईतलं फर्निचरचं काम आज मोठ्या प्रमाणात राजस्थानी हातांवर चालतं. आणि पॉलिशचं काम बघणारा बीडकडचा एक मुलगा. मिस्त्रींच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शेवटचं पेर नाही. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "मशीनचा हप्ता," म्हणाले, आणि विषय संपवला.

त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सुतारकीचं बलुतं करायचे. नांगर, कुळव, तिफण, गाडीची चाकं. सुगीला धान्य मिळायचं. गावात ट्रॅक्टर आले तसं ते काम आटत गेलं. मिस्त्री पुण्यात आले, बिल्डरांकडे दारं-खिडक्या केल्या, मग प्लायवर सनमायका चिकटवण्यात वीस वर्षं घालवली. "ते सुतारकाम नव्हं ताई, ते शिवणकाम. कापायचं आणि चिकटवायचं." गेली काही वर्षं मात्र ते फक्त भरीव लाकडाची टेबलं करतात. महिन्याला दोन, फार तर तीन.

पहिल्या भेटीत मला वाटलं होतं, लाकडाची निवड होईल, डिझाइन बघू. मोबाइलमध्ये पंधरा फोटो साठवून नेले होते. त्यांनी ते बघितलेच नाहीत. उलट विचारत सुटले. हातानं जेवता की काट्या-चमच्यानं? भांडी टेबलावर ठेवून वाढता की ताटं वाढून आणता? डावखुरं कोणी आहे का? दिवाळीचं काय, चकल्या कशावर पाडता? आणि सगळ्यांत शेवटी, "घरात सगळ्यांत बुटकं माणूस कोण?"

माझ्या सासूबाई. चार फूट दहा इंच.

"मग आजींना घेऊन या."

पुढच्या रविवारी ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई त्या शेडमध्ये, आमच्याच घरून नेलेल्या खुर्चीवर बसलेल्या. समोर दोन घोड्यांवर एक फळी आणि फळीखाली प्लायचे तुकडे. नागौरचा कारागीर एकेक तुकडा काढत होता, घालत होता. "आजी, कोपर टेकवा. आता वरण-भात कालवा बरं." सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग कोऱ्या फळीवर अगदी गंभीरपणे वरण-भात कालवला. खांदा वर उचलला जातोय म्हणून एक तुकडा निघाला. मांडीला फळी लागतेय का पाहिलं. पुन्हा कालवला. दुकानातलं टेबल साधारण तीस इंच उंच असतं. आमचं ठरलं साडेअठ्ठावीस. मिस्त्रींचं मत असं की हातानं जेवणाऱ्याला ताटावर थोडं वाकावं लागतं, त्याचं कोपर मोकळं लागतं, म्हणून टेबल इंचभर खालीच बरं. सासूबाई पन्नास वर्षं पाटावर बसून जेवल्या, गुडघ्यांनी संप केल्यावर खुर्चीवर आल्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, "टेबलावर मला माझं ताट नेहमी हनुवटीखाली आल्यासारखं वाटायचं. मला वाटे, असंच असतं."

रुंदीचा हिशेबही ताटावरूनच झाला. जेवणाचं ताट बारा-तेरा इंचांचं. समोरासमोर दोन ताटं म्हणजे सव्वीस इंच. टेबल तीन फूट रुंद केलं तर मधे दहा इंच उरतात, त्यात आमटीचं पातेलं, भाताचं भांडं आणि लोणच्याची बरणी बसली पाहिजे. अडीच फुटी टेबलात ती बसत नाहीत. मग एकजण सतत उठून वाढत राहतो, आणि हा एकजण कोण असतो हे सांगायला नको. लांबी माणशी दोन फूट. खुर्ची मागे सरकायला भिंतीपर्यंत निदान अडीच फूट. मिस्त्रींनी सांगितलं म्हणून मी घरी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सहा बाय तीनचा आयत केला आणि दोन दिवस तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची करंगळी फ्रीजला लागली, तेव्हा आयत खिडकीकडे चार इंच सरकला.

मापं सगळी फूट, इंच आणि सुतात. इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. सुतारकामानं तो अजून मनावर घेतलेला नाही. प्लाय मिलिमीटरमध्ये विकत आणायचं आणि "चार सुती" म्हणून वापरायचं, अशी तडजोड आहे. पण सूत हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

*

लाकूड जुनं घ्यायचं ठरलं. पुण्यात जुनं सागवान मिळतं याचं कारण पुण्यातच आहे. शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला तेव्हा त्याचं सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीकडून आला असं सांगतात. पेठांमधल्या वाड्यांचे खांब, तुळया, कडीपाट, वाशे असेच सागवानी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, नदीकाठचे कितीतरी वाडे त्या पुरात बसले. उरलेले गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत इमारतींसाठी पाडले गेले. वाडा पडला की दगड, विटा कुठेतरी भरावाला जातात. लाकूड मात्र वखारीत येतं आणि घनफुटानं विकलं जातं.

नवं सागवान मिळत नाही असं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आजही नावाजलेलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून लाकूड गेलं ते त्यामुळेच. पण ते लिलावातून येतं आणि त्याचा भाव मिस्त्रींसारख्याला झेपत नाही. ब्रह्मदेशी सागाचे ओंडके म्यानमारनं २०१४ पासून बाहेर पाठवणं बंद केलं. बाजारात आज जे स्वस्त "इम्पोर्टेड" सागवान दिसतं त्यातलं पुष्कळसं आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचं. कांडला बंदरात उतरतं, गांधीधामला चिरलं जातं. साग तोच, झाड तेच, पण वीस-पंचवीस वर्षांत तोडलेलं. मिस्त्रींनी दोन तुकडे माझ्या हातात दिले. लागवडीच्या तुकड्याच्या टोकावरची वर्षवलयं मला लांबूनही मोजता आली. वाड्याच्या तुकड्यावरची मोजायला चष्मा लावावा लागला. "लाकूड नुसतं जुनं असून काय करता? जून पाहिजे," ते म्हणाले.

सागाच्या टिकाऊपणाबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो, पण एकच दाखला मला पुरेसा वाटतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका सागवानात बांधली. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात अजून पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षं समुद्रात काढलेल्या लाकडानं आमच्या आमटीला घाबरायचं काही कारण नव्हतं.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात आम्ही दोन तुळया घेतल्या. मी वखारवाल्याला विचारलं, कुठल्या वाड्याच्या? माझ्या मनात लेख तयार होत होता. तो म्हणाला, "कुठल्या का असेनात ताई, तुम्ही खिळे मोजा."

आणि तेच खरं. तुळयांची एक बाजू काजळीनं काळी होती. खाली स्वयंपाकघर असेल, देवघर असेल, काहीही असेल. त्यावरून गोष्ट रचायचा मोह मी आवरला, कारण पुढचे दोन तास आम्ही फक्त खिळे शोधले. मिस्त्रींकडे हातात मावणारं धातूशोधक यंत्र आहे. ते तुळईवरून फिरवायचं, किंचाळलं की खडूनं फुली. पहिल्या तुळईवर एकवीस फुल्या. काही खिळे चौकोनी, लोहारानं ठोकलेले. काहींची डोकी केव्हाच गंजून गेलेली, आत नुसती टोकं. एखादं टोक राहिलं तर रंध्याच्या मशीनची पाती जातात, शिवाय तुकडा उडून कुठे लागेल ते वेगळंच. म्हणून गिरण्या जुनं लाकूड चिरायला नाखूश असतात, आणि चिरलं तरी अट घालतात: पात्याची जबाबदारी तुमची.

तुळईची दोन्ही टोकं भिंतीत गाडलेली असतात, तिथे ओल आणि वाळवी. दोन्हीकडचे दीड-दीड फूट कापून टाकले. मग चिरणी. वरून राख-काळी दिसणारी तुळई आतून मधासारखी निघाली आणि शेडभर सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास पसरला. हिशेब असा: सहा बाय तीनचं, सव्वा इंच जाडीचं टेबल, चार पाय आणि खालची चौकट मिळून तयार लाकूड भरतं तीन घनफूट. विकत घ्यावं लागलं पाच. उरलेलं भुसा, टोकं आणि खिळ्यांची भोकं. गिऱ्हाईक भाव विचारतं तेव्हा तीन घनफुटांचा हिशेब करतं, एवढीच मिस्त्रींची तक्रार आहे.

*

आता ते उरलेलं अर्धं सत्य. मिस्त्रींनी आमचं जुनं टेबल बघायला मागितलं होतं. मी फोटो नेला, तर म्हणाले, वरचा नको, खालचा काढून आणा. आडवं पडून मोबाइलनं काढला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला आणि हसले. वरचा फळा खालच्या चौकटीला चारी बाजूंनी लोखंडी अँगल लावून, एकूण सोळा स्क्रूंनी गच्च आवळलेला.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलतं. हवेत दमटपणा आला की फुगतं, कोरडी झाली की आक्रसतं, आणि हे झाड तोडल्यावर शंभर वर्षांनीही थांबत नाही. साग इतरांपेक्षा शांत, तरी पुण्याच्या हवेत, म्हणजे एप्रिलची फुफाट्यासारखी कोरडी दुपार आणि ऑगस्टचा ओला महिना यांच्या मधे, तीन फूट रुंदीचा सागवानी फळा दीड-दोन सूत पुढेमागे होतो. फळी झाडाच्या कुठल्या भागातून, कशी चिरली यावर कमी-जास्त. आमचं पहिलं टेबल पावसाळ्यात, फुगलेल्या लाकडाचं झालेलं. एप्रिलात त्याला आक्रसायचं होतं. सोळा स्क्रू त्याला सोडत नव्हते. मग ते मधेच फाटलं.

"लोक म्हणतात जुनं लाकूड हलत नाही. शंभर वर्षांचं असू द्या ताई, पाऊस त्याला कळतो."

म्हणजे टेबल करणं म्हणजे बराचसा वेळ या दोन सुतांची सोय करणं. फळ्या आधी तीन आठवडे शेडमध्ये आडव्या रचून ठेवल्या, प्रत्येक दोन फळ्यांत पट्टी, वारा खेळावा म्हणून. मग रंधा, मग कडा सरळ. दोन फळ्या कडेला कड लावून उजेडासमोर धरायच्या आणि मधून उजेड दिसतो का बघायचं. माझ्या डोळ्यांना दिसत नव्हता. त्यांना दिसत होता, आणि तो अर्ध्या केसाएवढा उजेड घालवायला त्यांनी हातरंधा घेतला. रंध्यातून जो छिलका निघाला त्यातून मला समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता आली.

साग तेलकट असल्यानं चिकटवायला अवघड. म्हणून कडा ताज्या रंधल्या की थिनरनं पुसून त्याच दिवशी फेविकॉल लावायचा. १९५९ साली फेविकॉल बाजारात आला त्याआधी जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस उकळून लावत. मिस्त्रींना वडिलांच्या सरसाच्या डब्याचा वास अजून आठवतो आणि त्याबद्दल त्यांना कसलंही प्रेम नाही. सात फळ्या, पाच शिकंजे, आलटूनपालटून वर आणि खाली. फळ्यांमधून गोंदाचे बारीक मणी फुटले की आवळणं थांबवायचं. जास्त आवळलं तर गोंदच बाहेर येतो, सांधा उपाशी राहतो. उपाशी हा शब्द त्यांचा.

खालच्या चौकटीला स्क्रू एकही नाही. पट्टीच्या टोकाला कुसू, पायात त्याच्या मापाचं भोक. भोक पटाशीनं खोदायचं काम त्यांनी स्वतः केलं, दीड दिवस. एका कुसूला मी ठोकताना पाहिलं: लाकडी हातोडीचे तीन हलके ठोके, चौथ्याला आवाज बदलला, बोथट झाला. "बसलं," म्हणाले, आणि पुढच्या पायाकडे वळले. सोऱ्या दाबताना टेबल डुगडुगू नये याचा बंदोबस्त या आठ कुसवांत आहे.

आणि मग फळा चौकटीवर बसवण्याची गोष्ट. चौकटीच्या पट्ट्यांना आतून एक लांब खाच. बोटभर लांबीच्या लाकडी ठोकळ्या. प्रत्येकीचं एक टोक जिभेसारखं कापलेलं. जीभ खाचेत, आणि ठोकळी स्क्रूनं फळ्याला. फळा वर उचलला जाणार नाही, पण आडवा सरकू शकेल, कारण जीभ खाचेत मागेपुढे होते. फक्त दोन्ही टोकांच्या मधोमध एकेक स्क्रू पक्का, म्हणजे जे हलायचं ते दोन्हीकडे सारखं. अशा बारा ठोकळ्या. वरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही, म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते केलं जात नाही.

फॅशनबद्दल एक वाक्य लिहायला हवं. झाडाच्या वेड्यावाकड्या कडा ठेवून मधे निळी राळ ओतलेली 'नदीची' टेबलं सध्या सगळ्यांना हवी असतात. मिस्त्रींनी एक केलं आणि सोडून दिलं. मला ती बघायला आवडतात, पण त्यावर वरण सांडलेलं मला सहन होणार नाही.

पॉलिशला आमच्या घरात खरा शत्रू हळद. त्याखालोखाल तूप आणि गॅसवरून उतरवून थेट टेबलावर टेकवलेला कुकर. लाखेचं जुन्या पद्धतीचं पॉलिश दिसायला सगळ्यांत देखणं, पण गरम भांड्याखाली त्यावर पांढरी वर्तुळं उमटतात. मेलामाइन त्याहून टणक, पीयू त्याहूनही. आम्ही मॅट पीयू घेतलं. बीडच्या मुलानं वरून जेवढे हात दिले तेवढेच खालून दिले, एकही कमी नाही. खालची बाजू कोरी राहिली तर ती बाजू जास्त दमट होते आणि फळा पापडासारखा वाकतो. हे त्यानं मला सांगितलं ते नाकावर रुमाल बांधून. मास्क आणून दिलेला, तो खिळ्याला टांगलेला होता.

*

मे महिन्याच्या मध्यावर टेबल घरी आलं. पूर्ण वजन पंचावन्न किलोच्या घरात. फळा लिफ्टमधून उभा आणला, चौकट तिघांनी जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवली. वर आल्यावर मिस्त्रींनी पाणी प्यायच्या आधी तळहात फळ्यावरून लांबीला फिरवला, मग रुंदीला. नंतर स्वतःच टेबलाखाली गेले. दोन्ही लांब बाजूंना, चौकट जिथे फळ्याला टेकते तिथे, बाहेरच्या अंगानं त्यांनी पेन्सिलीनं एकेक बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली.

"पावसात बघा."

पैसे मोजून झाल्यावर मी विचारलं, मुलगा या धंद्यात येणार का? मुलगा हिंजवडीत आहे, म्हणाले. त्याच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल ऑनलाइन मागवलेलं आहे. घरी जोडायचं असतं, सोबत पाना येतो. "बरं आहे," म्हणाले. "जोडलं त्यानं. एक पाय उलटा लावला होता, मी सरळ करून आलो."

दिवाळीचा फराळ यंदा त्याच टेबलावर झाला. सासूबाईंनी साडेअठ्ठावीस इंचांवर बसून चाळीस चकल्या पाडल्या, टेबल हललं नाही. खरेदीला निघणाऱ्या कोणालाही माझं एवढंच सांगणं: वरच्या चकाकीवरून हात फिरवून झाला की दुकानात लाज न बाळगता खाली वाका. खालची बाजू कोरी असेल, फळा अँगलनं चारी बाजूंनी आवळलेला असेल, तर विक्रेता कितीही गोड बोलो, ते टेबल घेऊ नका.

ऑगस्टच्या वीस तारखेला, चार दिवस सलग पाऊस पडल्यावर, मी टॉर्च घेऊन आमच्या टेबलाखाली गेले. खिडकीकडची रेघ चौकटीपासून एक सूत बाहेर आली होती, फ्रीजकडची पाऊण सूत.